दुधाच्या भांड्यावरील अदृश्य थर : प्रथिने पृष्ठभागास का चिकटतात?

दुग्धव्यवसाय हा शेतीचा मोलाचा जोडधंदा होय. जनावराची निवड, वैरण, पेंड आणि गोठ्याची स्वच्छता यांकडे शेतकरी आता पुष्कळ लक्ष देऊ लागला आहे. तथापि धार काढल्यापासून संकलन केंद्रावर पोहोचेपर्यंत दूध ज्या भांड्यात राहते, त्या भांड्याच्या आतील बाजूकडे तितकेसे लक्ष जात नाही. भांडे चकचकीत दिसले म्हणजे ते स्वच्छ आहे, असा समज असतो. मग निरोगी म्हशीचे, नीट काढलेले दूध काही तासांतच आंबट होते, केंद्रावर ते नाकारले जाते आणि दोष जनावराला, वैरणीला किंवा उन्हाला दिला जातो. पुष्कळदा खरा दोष भांड्याच्या आतील बाजूस चिकटलेल्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या एका थरात असतो. हा थर मुख्यत्वे दुधातील प्रथिनांचा असतो. तो का बसतो हे समजले, म्हणजे तो कसा काढावा हेही समजते. आणि रोजच्या धुण्यात कोणती चूक होते, हेही ध्यानात येते.

प्रथिनाच्या रेणूची घडी

गाईच्या दुधात साधारणतः सव्वातीन ते साडेतीन टक्के आणि म्हशीच्या दुधात चार टक्क्यांहून काहीसे अधिक प्रथिन असते. या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के भाग केसीनचा असतो. उरलेली सुमारे २० टक्के प्रथिने, दूध फाडले असता जे पाणी सुटते त्या निवळीत राहतात. म्हणून त्यांना निवळीतील प्रथिने म्हणतात.

प्रथिनाचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी असते. ही साखळी सुताच्या धाग्यासारखी सैल पडलेली नसते. निवळीतील प्रथिनांत तर ती फेट्याप्रमाणे नीट गुंडाळलेली असून तिची टोके आत खोचलेली असतात. साखळीचे काही भाग पाण्याशी जुळवून घेणारे असतात; ते घडीच्या बाहेरच्या बाजूस येतात. काही भाग तेलाप्रमाणे पाण्यापासून दूर राहू पाहणारे असतात. ते घडीच्या आत दडून राहतात. जोवर ही घडी शाबूत आहे तोवर रेणू पाण्यात निर्वेध तरंगतो. मात्र तो एखाद्या पृष्ठभागाजवळ आला, तापला किंवा दूध आंबट झाले, की घडी सैल होऊ लागते.

दुधात असलेले पृष्ठभाग

पृष्ठभाग म्हटला की भांड्याची बाजू डोळ्यांपुढे येते. परंतु खुद्द दुधाच्या आतही असंख्य पृष्ठभाग असतात, आणि तेथे प्रथिने अत्यंत उपयुक्त कामे करतात.

केसीनचे रेणू दुधात एकेकटे नसतात. चुना व फॉस्फरस यांच्या क्षारांसह ते एकत्र येऊन त्यांचे बारीक गोलक बनतात. हे गोलक इतके लहान असतात, की एका मिलिमीटरच्या लांबीत ते पाच ते दहा हजार ओळीने मावतील. प्रत्येक गोलकाच्या बाहेरील बाजूस कॅपा-केसीन नावाच्या प्रथिनाचे बारीक केसांसारखे आवरण असते. या केसांवर ऋण विद्युत्‌भार असतो. त्यामुळे दोन गोलक जवळ आले तरी एकमेकांस दूर लोटतात आणि दूध पातळ राहते.

हे आवरण नष्ट झाले की दूध गोठते. विरजण लावल्यावर जंतू दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८ असतो, तो उतरत ४.६ च्या आसपास आला, की केसीनवरील विद्युत्‌भार नाहीसा होतो, गोलक एकमेकांना बिलगतात आणि दही लागते. वासराच्या चौथ्या पोटात वेगळ्या रीतीने हेच घडते. तेथील कायमोसिन नावाचे विकर कॅपा-केसीनचे केस नेमक्या एका ठिकाणी कापते, त्यामुळे दूध गोठून पोटात रेंगाळते आणि वासराला त्याचा पुरेपूर लाभ होतो. चीज तयार करण्याची कला याच क्रियेवर उभी आहे.

स्निग्धांशाचेही तसेच आहे. दुधातील तुपाचे कण सरासरीने मिलिमीटरच्या हजार भागांपैकी तीन-चार भाग इतके असतात. प्रत्येक कणाभोवती प्रथिने व फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थ यांचा पातळ पापुद्रा असतो. तो आहे म्हणून तुपाचे कण एकत्र मिसळून जात नाहीत. रवीने घुसळताना हा पापुद्रा फाटतो, आतील स्निग्धांश एकमेकांस चिकटतो आणि लोणी वर येते. घरोघर होणाऱ्या घुसळणीत पृष्ठभागावरील प्रथिनांचेच संरक्षण मोडले जात असते.

भांड्याच्या बाजूवर काय घडते

पृष्ठभागावरील पातळ थरांच्या अभ्यासास स्वयंपाकघराचा मोठा हातभार लागला आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या आग्नेस पोकेल्स यांना विद्यापीठाचे शिक्षण मिळालेले नव्हते. घरच्या भांड्याकुंड्यांचे पाणी पाहता पाहता, पाण्यावरील अतिशय पातळ तवंगसुद्धा त्या पाण्याचा ताण बदलतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी घरच्या साधनांनी मोजमापे केली आणि ती इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांना पत्राने कळविली. त्यांच्या शिफारशीवरून ते पत्र १८९१ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका रेणूच्या जाडीचा थरही पृष्ठभागाचे वर्तन पालटू शकतो, हे ज्ञान पुढे याच वाटेने वाढत गेले.

दूध भांड्यात पडताच असाच थर त्या भांड्यावर बसू लागतो. काही सेकंदांतच प्रथिनांचे रेणू भांड्याच्या बाजूस येऊन टेकतात. तेथे टेकलेल्या रेणूची घडी थोडी उलगडते, आत दडलेले पाणी टाळणारे भाग भांड्याला लागतात आणि रेणू अनेक ठिकाणी पकड घेतो. एक पकड सुटली तरी दहा शिल्लक असतात. म्हणून तो नुसत्या पाण्याने सहज निघत नाही. हा पहिला थर फार पातळ असतो. एका चौरस मीटर पृष्ठभागावर त्याचे वजन साधारणतः एक ते तीन मिलिग्रॅम भरते. एक लिटर गाईच्या दुधात सुमारे ३३ ग्रॅम प्रथिन असते, हे पाहिले म्हणजे एवढा थर बसण्यास प्रथिनाची वाण कधीच पडत नाही, हे उघड आहे.

हा पहिला थर टाळता येत नाही; परंतु त्यावर दुसरा, तिसरा थर चढू देणे न देणे हे मनुष्याच्या हाती आहे.

उष्णतेने प्रथिन शिजते

खरवस कसा होतो हे प्रत्येक शेतकरी कुटुंबास ठाऊक आहे. व्यालेल्या गाईच्या पहिल्या चिकात १४ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असू शकतात आणि त्यांत निवळीतील प्रथिनांचा वाटा मोठा असतो. चीक तापविला की या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत गुंततात आणि चीक वडीसारखा घट्ट होतो. पुन्हा थंड केला म्हणून खरवसाचा चीक होत नाही. शिजलेले प्रथिन मूळ स्थितीत परत येत नाही.

साध्या दुधातही हेच होते. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे निवळीतील प्रमुख प्रथिन होय. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या वर त्याची घडी झपाट्याने उलगडते आणि आत दडलेला गंधकयुक्त भाग उघडा पडतो. हा भाग शेजारच्या प्रथिनांशी पक्का बंध करतो. दूध तापविताना पातेल्याच्या बुडाशी जी खरवड धरते, तिचा आरंभ याच क्रियेने होतो. मोठ्या दुग्धशाळांतील तापनयंत्रांच्या पत्र्यांवर ७५ ते ११० अंशांच्या दरम्यान जो मऊ पांढरट थर बसतो, त्यात ५० ते ७० टक्के प्रथिन आणि ३० ते ४० टक्के क्षार आढळतात.

यावरून रोजच्या धुण्यातील मोठी चूक स्पष्ट होते. "कॅनला दुधाचा वास येतो, आधी उकळते पाणी ओता" असे पुष्कळ घरांत केले जाते. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलट होतो. दुधाने ओल्या भांड्यात प्रथमच उकळते पाणी ओतले, तर बाजूवरील प्रथिन तेथल्या तेथे शिजते आणि पक्के बसते. उकळत्या पाण्याचे काम मोठे आहे, पण ते शेवटी आहे.

थरावर जंतूंची वस्ती

न निघालेला थर वाळतो. त्यावर दुसऱ्या दिवशी नवे दूध, नवे प्रथिन आणि दुधातील चुन्याचे क्षार बसतात. धुण्याचे पाणी जड असेल तर त्यातील चुनाही भर घालतो. काही दिवसांनी तेथे पांढरट-पिवळसर खडबडीत कवच तयार होते. त्यास दुग्धपाषाण म्हणता येईल. कॅनच्या गळ्याशी, सांध्यांत, झाकणाच्या रबरी कड्याखाली आणि ओरखड्यांत ते प्रथम धरते.

गुळगुळीत स्वच्छ पत्र्यावर जंतूला टेकावयास आधार व खावयास अन्न मिळत नाही. प्रथिनांच्या थरावर मात्र दोन्ही मिळतात. तेथे चिकटलेले जंतू आपल्याभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात आणि त्याखाली सुरक्षित राहतात. काही जंतू तर ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापविण्याच्या पाश्चरीकरणातूनही वाचतात. असे जंतू दुग्धपाषाणाच्या आश्रयाने टिकून राहतात. धारोष्ण दूध अशा भांड्यात पडले की जंतूंची वाढ सुरू होते. अर्ध्या तासाला दुप्पट हा हिशेब धरला, तरी सहा तासांत एका जंतूचे ४०९६ होतात.

ही हानी एका घरापुरती राहत नाही. संकलन केंद्रावरील शीतपात्रात सर्वांचे दूध एकत्र होते व ते ४ अंशांपर्यंत थंड केले जाते. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, पण आधीच वाढलेले जंतू त्यामुळे मरत नाहीत. एका घरच्या अस्वच्छ कॅनमधील दूध नऊ घरांच्या चांगल्या दुधात मिसळले, की सर्वांच्याच कष्टांस बट्टा लागतो. मेथिलीन ब्ल्यू चाचणीत हे दिसून येते. या निळ्या रंगाचा अंश घातलेले दूध कोमट ठेवले असता, जंतू अधिक असतील तितका रंग लवकर जातो. प्रचलित प्रतवारीप्रमाणे रंग पाच तास वा अधिक टिकला तर दूध उत्तम आणि अर्ध्या तासात गेला तर वाईट समजतात.

भांडे कशाचे असावे

दुधासाठी निष्कलंक पोलाद, म्हणजे स्टेनलेस स्टील, सर्वांत चांगले. भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि पोलाद गंजत नाही. प्रथिन त्यावरही बसते, परंतु पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे ते काढणे सोपे जाते. तारेच्या चोथ्याने किंवा वाळूने घासल्यास हा लाभ नाहीसा होतो. प्रत्येक ओरखडा प्रथिन व जंतू यांस आसरा देतो.

अॅल्युमिनियमची भांडी हलकी व स्वस्त असतात, पण दाहक सोडा त्यांना खातो. साधा धुण्याचा सोडाही त्यांच्यावर नुसता वापरू नये; अशा भांड्यांसाठी तयार केलेलेच मिश्रण घ्यावे. तांब्या-पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली असेल तर त्यात दूध ठेवू नये. तांब्याच्या अंशाने स्निग्धांश लवकर खवट होतो. प्लॅस्टिकच्या डब्यांवर ओरखडे लवकर पडतात, त्यांचा पृष्ठभाग पाणी टाळणारा असल्याने प्रथिन व स्निग्धांश घट्ट धरतात आणि वासही राहतो. दुधासाठी ते टाळावेत.

चुलीतील राखेने भांडी घासण्याची रीत जुनी आहे व तिच्यात तथ्यही आहे. राखेतील क्षार प्रथिन व स्निग्धांश सुटण्यास मदत करतो. पण राखेतील कचकच पोलादास ओरखडे पाडते. म्हणून क्षाराचे काम सोड्याकडून घ्यावे.

धुण्याचा क्रम व त्यामागील कारण

पुढील क्रम पोलादी भांड्यांसाठी आहे. त्यातील पायऱ्या उलटसुलट करू नयेत.

१. दूध ओतून होताच भांडे कोमट पाण्याने विसळावे. पाणी सुमारे ४० अंश, म्हणजे हात सहज बुडवून ठेवता येईल इतपत असावे. अगदी थंड पाण्याने स्निग्धांश थिजतो, उकळत्या पाण्याने प्रथिन शिजते. कोमट पाण्याने दोन्ही सुटतात. केंद्रावर विसळण्याची सोय असल्यास तेथेच विसळावे. वाळलेला थर काढण्यास दुप्पट कष्ट पडतात.

२. नंतर धुण्याच्या सोड्याचे, दर लिटरला सुमारे ५ ग्रॅम या प्रमाणातील, हाताला सोसेल इतके गरम द्रावण घेऊन ताठ केसांच्या कुंचल्याने आतून घासावे. भांड्यांसाठी मिळणारी तयार पूड वापरल्यास पाकिटावरील प्रमाण पाळावे. सोड्याच्या द्रावणात प्रथिन फुगते, त्यावरील ऋण भार वाढतो आणि ते पत्र्यापासून सुटते. गळा, सांधे, झाकण व रबरी कडे विसरू नये.

३. स्वच्छ पाण्याने विसळून सोडा पूर्ण काढावा.

४. आठवड्यातून एकदा, सोड्याच्या धुण्यानंतर, आम्लाने धुवावे. दुग्धशाळांत यासाठी फॉस्फरिक किंवा नायट्रिक आम्लाची मिश्रणे वापरतात. घरी लिंबूसत्त्वाचे, दर लिटरला १० ग्रॅम प्रमाणातील, कोमट द्रावण चालते. सोडा प्रथिन काढतो, पण चुन्याचे क्षार काढत नाही. ते काम आम्लाचे. नंतर भांडे पुन्हा पुष्कळ पाण्याने विसळावे.

५. दूध काढण्याच्या थोडे आधी भांडे निर्जंतुक करावे. उकळते पाणी किंवा वाफ येथे वापरावी. तशी सोय नसल्यास चार टक्के उपलब्ध क्लोरीन असलेल्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचे ५ मिलिलिटर एका लिटर पाण्यात मिसळून भांडे आतून दोन मिनिटे ओले ठेवावे व पालथे करून निथळू द्यावे. अॅल्युमिनियमसाठी मात्र उकळते पाणीच वापरावे. क्लोरीन प्रथिनाशी संयोग पावून स्वतः खर्ची पडतो. म्हणून अस्वच्छ भांड्यात औषध ओतणे म्हणजे ते वाया घालविणे होय.

६. धुतलेले भांडे जमिनीवर पालथे न घालता फळीवर किंवा मांडणीवर, तोंडाखाली हवा खेळेल असे उपडे ठेवावे. कोरड्या पृष्ठभागावर जंतू वाढत नाहीत.

आम्ल आणि क्लोरीनचे द्रावण कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू सुटतो. दोन्ही औषधे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी, नाव लिहिलेल्या बाटल्यांत ठेवावीत.

दूध गाळण्याच्या कापडासही हाच क्रम लागू आहे. कापडाचा प्रत्येक धागा हा पृष्ठभागच होय. कापड आधी कोमट पाण्यात पिळावे, मग सोड्याने धुवावे, स्वच्छ पाण्यात खळबळावे, शेवटी उकळावे व उन्हात वाळवावे.

गावात दाखवावयाचे प्रात्यक्षिक

सांगण्यापेक्षा दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. विस्तार कार्यकर्त्यांनी दुधाने वापरलेल्या दोन सारख्या पोलादी ताटल्या घ्याव्यात. एक नुसत्या पाण्याने विसळावी. दुसरी वर सांगितल्याप्रमाणे कोमट पाणी, सोडा व पुन्हा स्वच्छ पाणी या क्रमाने धुवावी. दोन्ही वाळल्यावर त्या सारख्याच चकचकीत दिसू शकतील. मग दोहोंवर स्वच्छ पाणी ओतून त्या उभ्या धराव्यात. ज्या ताटलीवर थर राहिला आहे तिच्यावर पाणी तुटक होऊन थेंब व ओघळ दिसतील. स्वच्छ ताटलीवर पाणी अखंड पडद्यासारखे पसरेल. ही खूण शेतकऱ्यांनी आपापल्या कॅनवर नंतर केव्हाही पाहावी. तिला खर्च नाही आणि यंत्रही लागत नाही.

प्रात्यक्षिक पुरुषांपुरते ठेवू नये. बहुतेक घरांत दुधाची भांडी स्त्रियाच धुतात. खरवस कसा थिजतो आणि खरवड कशी धरते हे त्यांना उत्तम ठाऊक असते. तेच ज्ञान भांड्याच्या धुण्यास लावावयाचे आहे, एवढे सांगितले तरी मुद्दा त्यांच्या तत्काळ ध्यानात येतो.

सारांश, दुधाचे जे प्रथिन वासराच्या पोटात, विरजणात आणि तुपाच्या कणाभोवती उपकारक ठरते, तेच भांड्याच्या बाजूवर राहू दिल्यास अपायकारक होते. दोन्ही ठिकाणी त्याचा गुण एकच : पृष्ठभाग सापडला की तेथे बसावयाचे. तो गुण बदलता येत नाही. परंतु कोमट पाणी आधी, सोडा मध्ये आणि उकळते पाणी शेवटी, एवढा क्रम रोज सकाळ-संध्याकाळ पाळला, तर दूध निकोप राहते, केंद्रावरून परत येत नाही आणि जनावराच्या चाऱ्यापेंडीवर केलेल्या खर्चाचे पुरते मोल पदरात पडते.